पहाऱ्यावरच्या ओळी

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या ‘ऊब इन्स्ट्रुमेंट्स’ची एक रीत होती. पडद्यावर शून्य आलं की भडंगाचं पुडकं फुटायचं. शून्याशिवाय भडंग नाही, मग भूक कितीही लागलेली असो. त्या गुरुवारी पुडकं सकाळपासून शलाका आवटीच्या टेबलावर बसून होतं. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, येणारा-जाणारा जो तो आधी पुडक्याकडे आणि मग शलाकाकडे बघून जात होता. पडद्यावर अजून एक होता. एकच लाल ठिपका.

ऊबमध्ये काचेच्या पेट्या बनत. जगात यायची ज्यांना भारी घाई होते, दिवस भरायचीही वाट बघवत नाही, अशी टीचभर बाळं ज्यांत ठेवतात त्या पेट्या. मिरज-सांगलीपासून जत, गडहिंग्लज, पार विजापूरपर्यंतच्या दवाखान्यांत त्या पोचल्या होत्या. काच, गादी, हीटर हे सगळं वरवरचं. आत किती ऊब ठेवायची, कधी वाढवायची, कधी थांबवायची हे ठरवणारा प्रोग्राम हा पेटीचा खरा जीव. त्या प्रोग्रामची सगळी जबाबदारी येत्या सोमवारपासून शलाकाच्या गळ्यात पडणार होती.

आणि ठिपका लावणारा होता ‘निकष’.

निकष प्रोग्राम चालवून बघत नाही, नुसता वाचतो. स्वयंपाकघरात पाऊल न टाकता, नुसती कृती ऐकून ‘अगं, मीठ दोनदा पडतंय’ असं सांगणाऱ्या सासूबाई असतात ना, त्या जातीचा. अशी वाचणारी साधनं पूर्वीही होती. पण ती प्रोग्रामची एकेक फाइल सुटी वाचत, ठरलेल्या शिस्तीतून ओळ जरा हलली की कुरकुर करत, आणि प्रोग्रामरने त्या ओळीवर ‘माफी’ असा शेरा मारून खाली नाव टाकलं की गप्प बसत. लोकांनी माफीचा असा काही सपाटा लावला की शिस्त नावालाच उरली. मग २०३५ साली कायदा आला: ज्या यंत्रावर कुणाचा जीव अवलंबून आहे, त्याच्या प्रोग्रामला निकषकडून शून्य ठिपक्यांचं प्रमाणपत्र हवंच, आणि माणसाची माफी चालणार नाही.

निकषची खुबी अशी, की तो सगळा प्रोग्राम एकदम डोक्यात धरतो. एखादा आकडा सेन्सरमधून आत आला, की पुढे तो कुठेकुठे जाईल, वाटेत त्याचं काय होईल, कमीत कमी किती नि जास्तीत जास्त किती होऊ शकेल, याच्या जेवढ्या म्हणून शक्यता असतील तेवढ्या सगळ्या तो गणिताने तपासतो. तिथे ‘बहुधा’ला जागा नसते. तो ‘कधीच नाही’ म्हणाला की कधीच नाही.

दोन वर्षांत त्याने यंत्रं सुधारली, यात वाद नाही. पण माणसंही बदलली. कामावर नवीन लागलेली पोरं ठिपका का आला हे विचारीनाशी झाली. ‘लाल पुसायचं’ हा त्यांच्या तोंडचा शब्द. आणि लाल पुसायचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे ज्या ओळीवर ठिपका आहे, ती ओळच काढून टाकायची. निकष स्वतःच खाली ‘काढा’ असं बटण देत असे. मग कोण कशाला डोकं खाजवत बसतो!

जुन्या प्रोग्रामना कायद्याने दोन वर्षांची मुदत दिली होती, त्यामुळे ऊबचा मूळ प्रोग्राम निकषपुढे आत्ता पहिल्यांदाच आला होता. शलाकाच्या पडद्यावरचा मजकूर असा होता: ‘या सहा ओळी मृत आहेत. कोणत्याही परिस्थितीत त्या चालणार नाहीत. काढून टाकाव्यात.’ खाली बटण.

तिने बटण दाबलं नव्हतं, कारण त्या ओळी मगदूम सरांच्या होत्या.

श्रीकांत मगदूम पहिल्या पेटीपासून ऊबमध्ये होते. त्याआधी ते इचलकरंजीत यंत्रमागांचे कंट्रोलर बसवत. त्यांच्या थोरल्या बहिणीचं बाळ कुठल्याशा जुन्यापान्या पेटीत ठेवलेलं असताना हीटर चालूच राहिला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. बाळ गेलं. मगदूम सरांनी माग सोडले आणि पेट्यांच्या कामाला वाहून घेतलं. ऊबच्या पहिल्या पेटीसाठी त्यांनी सर्वांत आधी लिहिल्या त्या या सहा ओळी. सेन्सरचा आकडा साडेअडतीसच्या वर गेला, की बाकी काहीही चालू असो, हीटर बंद आणि भोंगा सुरू. वर टीप होती, ‘हे काढू नका. श्री. म.’ ऊबमध्ये सगळे त्याला ‘सरांचा पहारा’ म्हणत.

शलाकाला त्या पहाऱ्याचं अप्रूप जरा जास्तच होतं. चार वर्षांपूर्वी तिची गार्गी वेळेच्या फार आधी जन्मली, तळहातावर मावेल एवढी, आणि तिला ऊबच्याच पेटीत ठेवलं. शलाका काचेबाहेरच्या बाकावरून हलायला तयार नव्हती. झोप नाही, जेवण नाही. शेवटी मगदूम सर डबा घेऊन आले. काचेतून गार्गीकडे बघितलं आणि म्हणाले, “जा, झोप जा घरी. आत मी बसलोय.” आत म्हणजे पहाऱ्याला, हे तिला कळलं, आणि त्या शब्दांवर शलाका गाढ झोपली होती.

ते सर शनिवारी निवृत्त होणार होते. राहिलेली रजा संपवायला म्हणून हा आठवडा घरीच होते. आणि निकष म्हणत होता, पहारा मेलाय.

‘चुकला असेल,’ असं आधी तिला वाटलं. अशी वेळ आली की जो तो हेच म्हणतो. तिने निकषकडे पुरावा मागितला. त्याने सेन्सरपासून पहाऱ्यापर्यंतची आकड्याची वाट उलगडून दाखवली. वाटेत, वेगळ्याच एका फाइलमध्ये, एक लहानशी ओळ होती: वाचन अडतीसच्या वर गेलं, तर अडतीसच धर.

अडतीसच्या वरचं काहीच पुढे जात नव्हतं. मग साडेअडतीसची वाट बघत उभा असलेला पहारा जन्मात कधी हलणार?

त्या ओळीखालीही नाव श्री. म. असंच होतं. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. शलाकाला ती गोष्ट लगेच आठवली, कारण सर ती नव्या माणसांना कौतुकाने सांगत. सेन्सरची तार हलली की पडद्यावरचा आकडा क्षणभर उडायचा, पंचेचाळीस, सत्तेचाळीस, आणि परत जागेवर यायचा. गडहिंग्लजला एका आईने तो सत्तेचाळीस बघितला आणि किंचाळून जमिनीवर कोसळली. सर तिथे हजर होते. त्यांना ते बघवलं नाही. कारखान्यात येऊन त्यांनी त्याच दिवशी पडद्यावरचा आकडा बांधून टाकला. फक्त बांधला तो पडद्यावर नव्हे, पार दारातच, जिथे सेन्सरकडून तो आत येतो. प्रोग्राममध्ये त्या आकड्याला पडद्यासाठी एक आणि पहाऱ्यासाठी एक अशी दोन नावं ठेवायला हवी होती. घाईत एकाच नावावर भागवलं. आणि पहाऱ्याची वार्षिक चाचणी? तीत खोटा आकडा थेट पहाऱ्याच्याच हातात देत, दारातून कधी आणतच नसत. दर वर्षी भोंगा वाजायचा आणि दर वर्षी सगळे खूश व्हायचे.

शलाका चाचणीच्या टेबलाशी गेली. रिकाम्या पेटीच्या सेन्सरवर तिने लांबून हॉट एअर गन धरली. पडद्यावर सदतीस आलं, साडेसदतीस, अडतीस. मग अडतीस. मग अडतीसच. गनचा वारा तिच्या बोटांना सोसवेना, तरी पडदा आपला शांत. शेवटी पेटीच्या तळातली धातूची पाती खट्ट करून उचलली आणि हीटर तुटला. ती सुटी पाती बेचाळीसला उचलते. प्रोग्रामचा तिच्याशी संबंध नाही. नऊ वर्षं बाळांची राखण केली ती या मुक्या पातीने, तीही पाणी गळ्याशी आल्यावर.

शलाकाला गार्गीचा तो काचेतला चेहरा आठवला आणि ती तिथेच स्टुलावर बसली. तिला सरांचा राग आला. मग गडहिंग्लजची ती बाई डोळ्यांपुढे आली आणि रागही धड टिकेना.

वृषाली उपाध्ये ऊबच्या मालकीणबाई. कारखाना वडिलांनी काढलेला, वाढवला यांनी. शलाकाचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

“ओळी काढल्या तर शून्य येतंय?”

“येतंय.”

“आणि दुरुस्त केल्या तर?”

“तरीबी येतंय, मॅडम. निकषला दोन्ही सारखंच. मेलेली ओळ नको, एवढंच त्याचं म्हणणं. तुम्ही ती पुरा नाहीतर उठवून बसवा.”

मॅडम खिडकीशी गेल्या. “मग असं कर. नव्या पेट्यांत दुरुस्त कर. जुन्या पेट्या वर्षाच्या तपासणीला येतातच की आपल्याकडं. येतील तसा नवा प्रोग्राम घालू. बोभाटा कशाला? पाती आहे की.”

“पाती बेचाळीसला उचलती. एवढ्याशा बाळाला त्याच्या आधीच त्रास होतो.”

“ठाऊक आहे गं मला.” मॅडमचा आवाज खाली आला. “शनिवारी डॉक्टर लोक येणार आहेत, दवाखान्यातल्या सिस्टर येणार आहेत. सरांच्या बहिणीलाही बोलावलंय मी. त्या माणसाला जाता जाता सांगायचं, की ज्याच्यासाठी जन्म घातलास, तेच तुझ्या हातनं बंद पडलं? काय मिळणार सांगून?”

मॅडम काही कसाई नव्हत्या. त्यांना कारखाना वाचवायचा होता तसे सरही वाचवायचे होते, आणि शलाकालाही दुसरं काय हवं होतं? ती जागेवर आली आणि मुख्य प्रोग्रामला धक्का न लावता त्याच्या एका प्रतीवर बटण दाबून बघितलं. सहा ओळी गेल्या, सरांची टीपही गेली. पडदा हिरवा झाला. ‘शून्य. अभिनंदन!’

मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, “आलं, आलं!” खुर्च्या सरकल्या. एक हात पुडक्याच्या गाठीपर्यंत पोचलासुद्धा.

शलाका त्या ‘अभिनंदन’कडे बघत राहिली. दवाखान्यादवाखान्यांतल्या पेट्या जशाच्या तशा होत्या. त्यांत आत्ता, या घटकेला बाळं झोपली होती आणि बाहेर बाकांवर त्यांच्या आया बसल्या होत्या. पडद्यावर अडतीस दिसतंय म्हणून त्या निर्धास्त होत्या. निकषने खोटं काही सांगितलं नव्हतं. त्याला जेवढं विचारलं तेवढंच त्याने सांगितलं होतं.

“नाही आलं,” ती म्हणाली. ती प्रत तिने पुसून टाकली, पुडकं उचलून खणात टाकलं आणि एक कंट्रोलर, एक सेन्सर पिशवीत भरून निघाली.

मिरजेत सरांचं घर सतारमेकर गल्लीच्या मागच्या अंगाला होतं. गल्लीत कुणीतरी तारा जुळवत होतं. सर घराच्या पुढच्या सोप्यात बसून शनिवारच्या भाषणाची उजळणी करत होते, आणि काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, शेंगा सोलता सोलता चुका काढत होत्या.

“ये, ये! एवढ्या उन्हाचं कशाला आलीस गं? शून्य आलं?”

“नाही, सर. एक राहिलंय. तुमच्या पहाऱ्यावर आहे.”

सर हसले. “माहीत होतं मला. त्याला काय कळतंय? ते कागदावरचं बघतंय. तार झिजती, पाणी शिरतंय, हे त्याला कोण सांगणार? तू वरती सरकारात कळव, तपासायला माणूस पाठवा म्हणावं.”

तिला वाटलं, इथेच थांबावं. ‘होय सर’ म्हणावं, शेंगा खाव्यात आणि घरी जावं.

“सर, ते बरोबर सांगतंय.”

“काय बरोबर सांगतंय?”

बोलून दाखवणं तिला जमेना. तिने पिशवीतून कंट्रोलर काढला, वायर जोडली. “काकू, पेलाभर कडकडीत पाणी देता?” काकूंनी कशाला म्हणून न विचारता चहाचं आधण होतं त्यातलंच ओतून आणलं. शलाकाने सेन्सर पेल्यात सोडला.

छत्तीस. सदतीस. अडतीस.

अडतीस.

सर पुढे वाकले. चष्मा काढून पुसला, परत घातला. पेल्यातून वाफ येत होती. पडदा अडतीसवर शांत होता आणि भोंगा मुका. सरांनी बोट पेल्यात बुडवलं.

“अहो!” काकू ओरडल्या.

बोट लालभडक झालं होतं. सर त्या बोटाकडे नाही, पडद्याकडेच बघत होते. प्रोग्राम त्यांच्या हाडीमासी मुरलेला. शलाकाला फाइल उघडूनही दाखवावी लागली नाही.

“गडहिंग्लज,” ते म्हणाले. “ती बाई पडली, तेव्हा. दारातच बांधला मी आकडा.”

“होय, सर.”

“म्हणजे तुझी गार्गी होती, तेव्हा...”

“होय.”

“आणि मी तुला सांगितलं, झोप जा म्हणून.”

शलाका रडू लागली. सर रडले नाहीत. काकूंनी त्यांचं बोट ओल्या फडक्यात गुंडाळलं, तेही त्यांनी निमूटपणे गुंडाळू दिलं. गल्लीतली तार एकदा चढली, एकदा उतरली.

“कुणाचं काही झालं असेल का गं?” त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

“तक्रारी सगळ्या बघितल्या मी. पाती उचलली म्हणून तीन तक्रारी आहेत. आपण पातीच खराब समजून बदलून दिली. बाळाला काही झालं असं कुठं लिहिलेलं नाही.”

“लिहिलेलं नाही, एवढंच.”

“होय, सर. एवढंच.”

सरांनी मान हलवली. खोटा दिलासा त्यांना दिला असता तरी त्यांनी घेतला नसता, आणि शलाकाने तो दिला नाही, याचं पुढे तिला बरंच वाटत आलं. ते उठले. भाषणाचा कागद त्यांनी चौघडी करून शेंगांच्या टरफलांत टाकला.

“वृषालीला फोन लाव. मी बोलतो. आणि सगळ्या दवाखान्यांना आत्ता कळवायचं. पडद्यावर विसंबू नका, तासातासाला हातानं थर्मामीटर लावा, म्हणून. मगदूमची चूक आहे, असं सांगायचं. सेन्सरची नाही, पातीची नाही. मगदूमची.”

फोनवर सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, “बरं, सर. शनिवारच्या मंडपाला नको म्हणून सांगते. नवा प्रोग्राम घालायला दोन गाड्या काढू. विजापूरच्या बाजूला मी जाते.”

शुक्रवारी शलाकाने दुरुस्ती केली. आकड्याला दोन नावं दिली, एक पडद्यासाठी, एक पहाऱ्यासाठी. पहाऱ्याचं वाचन आता थेट दारातून येत होतं, आणि खोटा उडालेला आकडा ओळखायला सलग काही वाचनं जुळवून बघण्याची सोय केली, म्हणजे पडद्यावरचा आकडाही बांधून ठेवायला नको. सर शेजारी बसून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होते. निकषने शून्य दिलं. नुसतं शून्य बघून या वेळी कुणी खुर्ची सरकवली नाही. सरांनी मग खरोखरीचा सेन्सर खरोखरीच्या गरम पाण्यात बुडवला, भोंगा ठणाणा वाजला, आणि तेव्हा कुठे शलाकाने खण उघडला.

शनिवारी, शाल-श्रीफळ घ्यायच्या वेळेला, श्रीकांत मगदूम जतच्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीपुढे उकिडवे बसले होते. पाठीमागे त्यांची थोरली बहीण उभी होती. समारंभासाठी म्हणून आली होती, ती ‘मीबी येते’ म्हणत गाडीत बसली. सरांनी वाटेत तिला सगळं सांगितलं होतं. गरम पाणी सांडू नये म्हणून थर्मास तिने वाटभर मांडीवर धरला होता.

शलाकाने रिकाम्या पेटीत नवा प्रोग्राम घातला. बहिणीने पेला भरला. सरांनी सेन्सर आत सोडला.

छत्तीस, सदतीस, अडतीस, आणि अडतीसच्या पुढे.

भोंगा असा काही कडाडला की सिस्टरच्या हातातला ट्रे खाली पडला. बाहेरच्या बाकावरची एक पोरसवदा आई धडपडत दारात आली. तिचं बाळ शेजारच्या पेटीत होतं. “काय झालं? काय झालं वो माझ्या लेकराला?” नऊ वर्षांपूर्वी सरांना जे बघवलं नव्हतं, ते अगदी तेच होतं.

सर उठले आणि तिच्यापाशी गेले. “काय नाही झालं, बाय. तुझं लेकरू झोपलंय, बघ. आम्हीच वाजवून बघितलं. हा आवाज ध्यानात ठेव. वाजला की घाबरायचं नाही, पळत जाऊन सिस्टरला आणायचं. वाजतोय ते चांगलंय.”

“लक्ष ऱ्हातंय न्हवं कुणाचं तरी आत?”

शलाकाने कंट्रोलरवरून मान वर केली. ‘आत मी बसलोय’ हे सरांचे शब्द तिला पाठ होते. सरांच्या ओठांवर ते आलेही, तिने बघितलं. पण ते थांबले. भाजलेल्या बोटाची पट्टी त्यांनी उगीचच सारखी केली. मग त्या आईला त्यांनी हाताने बाकावर बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी टेकले.

“हे लोक आत बघतील,” ते म्हणाले. “मी बसतो हितं, तुझ्याजवळ.”